घर पोसणारा पाहुणा

उत्तर कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारातून एखाद्या गल्लीत वळले की बस-मोटारींच्या गोंगाटातही एक बारीक आवाज कानी पडतो. ठुन्, ठुन्, ठुन्. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या बोटात अडकवलेली घंटा रिक्षाच्या दांड्यावर आपटत असते. या वाहनाला भोंगा नाही, ब्रेक नाही की इंजिन नाही. दोन मोठी लाकडी चाके, वर एक बैठक, पुढे दोन लांब दांडे आणि त्या दांड्यांच्या मध्ये एक माणूस. कमरेला लुंगी, खांद्यावर गमछा, पाय पुष्कळदा अनवाणी. आणि डोक्यावरचे केस बहुतेक वेळा पांढरे.

दक्षिणेश्वर, कालीघाट आणि बेलूर मठ पाहण्यासाठी महाराष्ट्रातून जाणाऱ्या मंडळींना ही रिक्षा पाहून अवघडल्यासारखे होते. बसावे तर मन खाते. न बसावे तर त्या म्हाताऱ्याची तेवढी कमाई बुडते. माणसाने माणसाला ओढावे का, हा वाद कोलकात्यात कित्येक वर्षे चालू आहे आणि तो महत्त्वाचा आहेच. पण या वादात एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रात्री रिक्षा उभी केल्यावर हा माणूस झोपतो कुठे? त्याचे घर कुठे आहे आणि त्या घरात त्याची वाट पाहणारे कोण आहे?

शेवटची पिढी

हातरिक्षा मूळची जपानची. १८६९च्या सुमारास ती तेथे निघाली आणि १८८०च्या सुमारास हिंदुस्थानात प्रथम सिमल्याला आली. कोलकात्यात ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही माल वाहण्यासाठी. १९१४मध्ये चिनी रिक्षावाल्यांनी उतारू नेण्याची परवानगी मागितली. पुढे १९१९च्या हॅकनी कॅरेज कायद्याने ती भाड्याचे वाहन म्हणून नियमांत बसली.

ऑगस्ट २००५मध्ये पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी ही अमानुष प्रथा बंद करण्याची घोषणा केली. डिसेंबर २००६मध्ये विधानसभेने तसे विधेयकही मंजूर केले. रिक्षावाल्यांच्या संघटनांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि बंदी अमलात येऊ शकली नाही. मात्र २००५नंतर नवे परवाने देणे थांबले. परिणाम असा झाला की हातरिक्षा एकदम बंदही झाली नाही आणि वाढलीही नाही. त्या वेळी परवान्याच्या रिक्षांची संख्या सहा हजारांच्या आसपास सांगितली जात असे. त्यानंतर ती कमी कमी होत गेली.

नवा परवाना नाही, म्हणजे नवा माणूसही फारसा नाही. गावाकडचा तरुण आता कोलकात्यात आला तरी तो दांड्याला हात लावत नाही. तो बॅटरीवर चालणारी 'टोटो' चालवतो, बांधकामावर जातो किंवा पाठीवर पिशवी अडकवून घरोघर डबे पोहोचवतो. हातरिक्षेच्या दांड्यांत उरला आहे तो तीस-चाळीस वर्षांपूर्वी आलेला माणूस. पावसाळ्यात ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीटसारख्या सखल भागांत गुडघाभर पाणी साचते, मोटारी बंद पडतात, तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण होते. पाणी ओसरले की तो पुन्हा कोपऱ्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहतो.

कोलकाता म्हणजे त्यांची मुंबई

या रिक्षावाल्यांपैकी बंगाली थोडे. बहुतेक जण बिहारचे. मुजफ्फरपूर, समस्तीपूर, दरभंगा, मोतीहारी हा उत्तर बिहारचा भाग, दक्षिणेकडे गया आणि नवादा, शिवाय आता झारखंडात असलेले गिरिडीह, हजारीबाग. हावड्याहून रक्सौलला जाणारी मिथिला एक्सप्रेस किंवा सियालदहहून जयनगरला जाणारी गंगासागर एक्सप्रेस या त्यांच्या गाड्या. आपल्याकडे कोकणकन्या म्हटल्यावर मुंबईतल्या कोकणी माणसाला जे वाटते, तेच त्यांना या नावांनी वाटते.

उत्तर बिहारची जमीन सुपीक आहे, पण कोसी, बागमती आणि गंडक या नद्या दर पावसाळ्यात कोणाचे ना कोणाचे शेत पाण्याखाली घालतात. वाटण्या होता होता एकेकाच्या वाट्याला जमिनीचा तुकडाच उरतो. ज्याला तोही नाही, तो दुसऱ्याचे शेत अर्धेलीने करतो. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, एखादे वर्ष बुडालेले पीक, यांतल्या एका खर्चाने सावकाराचे दार उघडते आणि मग घरातल्या एका पुरुषाला बाहेर पडावेच लागते. भोजपुरी मुलखात त्याला 'पूरबेला जाणे' म्हणत. पूरब म्हणजे बंगाल. तागाच्या गिरण्या, गोदी, चहाचे मळे आणि कोलकात्याचे रस्ते यांनी दीडशे वर्षे बिहारच्या गावांतून माणसे ओढून घेतली. मुंबईने कोकण आणि घाटाकडून ओढून घेतली, तशीच.

बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' हा १९५३चा चित्रपट पुष्कळांना आठवत असेल. त्यातला शंभू जमीनदाराच्या कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून कोलकात्याला येऊन रिक्षा ओढतो. बलराज साहनी यांनी या भूमिकेसाठी खरोखरच रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. चित्रपटातल्या शंभूची जमीन शेवटी जाते ती जातेच. प्रत्यक्षातल्या पुष्कळ शंभूंनी मात्र जमीन राखली, घराच्या विटा रचल्या, मुलींची लग्ने केली. त्यासाठी काय द्यावे लागले, ते त्यांच्या राहणीवरून कळते.

डेऱ्यातला संसार

रिक्षा ओढणाऱ्याची स्वतःची रिक्षा क्वचितच असते. ती मालकाची असते आणि रोजचे भाडे ठरलेले असते. गिऱ्हाईक मिळो न मिळो, भाडे द्यावेच लागते. पुष्कळदा एकाच रिक्षावर दोघे जण असतात. एक दिवसपाळीला, दुसरा रात्रपाळीला. मालक आणि ओढणारा यांच्यामध्ये सरदार असतो आणि सरदाराच्या ताब्यात 'डेरा'. डेरा म्हणजे रिक्षांचा तळ, दुरुस्तीचा कारखाना आणि माणसांची झोपण्याची जागा, सगळे एकत्र. खाली रिक्षा उभ्या, बाजूला मिस्त्री चाकाच्या आऱ्या बसवतो आहे, आणि वर किंवा कडेला ओळीने वळकट्या. खुंटीला पिशवी, पिशवीत एक बरा सदरा. तो गावी जाताना घालायचा.

डेऱ्यात बाईमाणूस नाही, मूल नाही. स्वयंपाक पाळीने होतो. दुपारी सातूचे पीठ, कांदा आणि मिरची यांवर भागते. रात्री भात, डाळ, बटाट्याची भाजी. ज्याला डेऱ्यातही जागा नाही, तो फुटपाथवर किंवा रिक्षाच्या बैठकीवरच पाय दुमडून झोपतो.

मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. गिरणगावात परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत. खाणावळवाल्या बाईकडे जेवण, भिंतीला ट्रंका आणि गणपतीला गाव. डेराही तसाच असतो. सरदार पुष्कळदा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा. आजारपणात तो उसने पैसे देतो आणि नव्या माणसाची हमी घेतो. शहरात परका असलेल्या माणसाला ओळख देणारी ही एकच जागा. फरक एवढाच की १९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि गावकीच्या खोल्या आपल्या आठवणींत गेल्या. कोलकात्यातले डेरे मात्र कमी होत का होईना, टिकून राहिले.

चाळीस वर्षांचा हिशेब

या माणसाचा पैसा गावी कसा जातो, यात मोठा बदल झाला आहे. पूर्वी मनीऑर्डर असे. तिच्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी मोकळी जागा असायची. लिहिता न येणारा माणूस टपाल कचेरीपुढे बसलेल्या लेखनिकाकडून त्या जागेत चार शब्द घालून घेई. पैसे पाठवले आहेत, तब्येत ठीक आहे, गाईला दाखव, मुलाला शाळेत घाल. गावात पोस्टमन ते वाचून दाखवी आणि अंगठा घेई. नवरा-बायकोचे बोलणे असे तिसऱ्याच्या तोंडून आणि चौथ्याच्या हातून चाले. आता पैसे मोबाइलवरून खात्यात जातात आणि आवाज रोज कानावर पडतो. अंतर मात्र तेवढेच राहिले आहे. नातू फोनवर 'दादाजी' म्हणतो आणि खेळायला पळतो.

गावी जाणे वर्षातून एकदा, फार तर दोनदा. कापणीला किंवा छठला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारे छठ हे बिहारचे मोठे व्रत. बहुधा घरातली बाई ते धरते. छत्तीस तास निर्जळी उपवास, आधी मावळत्या आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला नदीत उभे राहून अर्घ्य. फळे आणि ठेकुआ भरलेली वेताची पाटी डोक्यावरून घाटापर्यंत न्यायची, हा घरातल्या पुरुषाचा मान. या एका मानासाठी माणसे रेल्वेच्या डब्यात उभ्याने प्रवास करून गावी जातात. ज्यांना जमत नाही, ते बाबूघाटावर हुगळीच्या काठी उभे राहून दुसऱ्यांच्या बायकांचे अर्घ्य पाहतात.

आता थोडा हिशेब करू. समजा, एखादा माणूस विसाव्या वर्षी कोलकात्याला आला आणि साठाव्या वर्षापर्यंत राहिला. दर वर्षी दोन महिने गावी गेला. म्हणजे चाळीस वर्षांत ऐंशी महिने. सहा वर्षे आणि आठ महिने. लग्न झाल्यापासून केस पांढरे होईपर्यंत तो आपल्या बायकोबरोबर, मुलांबरोबर इतकाच राहिला. उरलेली तेहतीस वर्षे आणि चार महिने तो त्यांच्यासाठी राहिला, पण त्यांच्याबरोबर नाही.

मुलगा लहान असताना तो गावी जातो तेव्हा मूल आईच्या पदरामागे लपते. ते सरावते आणि अंगाखांद्यावर खेळू लागते, तोवर निघायचा दिवस येतो. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलगी बोलायला लागली हे पत्रातून कळते, तिचे लग्न ठरले हे फोनवरून. आईवडील गेले तेव्हा तर बहुतेकांना वेळेवर पोहोचताच आलेले नसते.

तिकडची बाजू

गावी राहिलेल्या बाईची कथा याहून निराळी नाही. भोजपुरी रंगभूमीचे थोर कलावंत भिखारी ठाकूर यांनी तिलाच नायिका केले. १८८७मध्ये सारण जिल्ह्यातल्या कुतुबपूरला न्हाव्याच्या घरी जन्मलेला हा माणूस पोटासाठी खडगपूरला गेला होता. परदेशी राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे 'बिदेसिया' हे नाटक त्या मुलखात घराघरांत पोहोचले. नवरा कोलकात्याला जातो, तिथल्याच एका बाईबरोबर संसार थाटतो. मागे राहिलेली प्यारी सुंदरी एका वाटसरूबरोबर निरोप धाडते आणि अखेर नवरा परत येतो. १९७१मध्ये भिखारी ठाकूर वारले. नाटक मात्र अजूनही होते, कारण त्याचा विषय अजून संपलेला नाही.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. वाटेगावहून मुंबईत आलेल्या अण्णा भाऊंनी तिच्यात गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा मुंबईतला कामकरी उभा केला आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचे दुःख त्यातच मिसळले. एकीकडे बिहारची बाई नवऱ्याला हाक घालते, दुसरीकडे मराठी गडी बायकोला. दोन भाषांतल्या या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की एकाच संसाराच्या दोन्ही बाजू दिसतात.

या बाईने चाळीस वर्षे घर एकटीने चालवलेले असते. आलेल्या पैशात काय भागवायचे, कोणते वासरू विकायचे, मुलीचे स्थळ कुठे पाहायचे, हे सगळे तिने ठरवले. पत्राची वाट पाहत बसायला वेळ नव्हता. हळूहळू घराला त्याच्या पैशाची सवय झाली आणि त्याच्या नसण्याचीही.

मग तो परत का जात नाही?

पाय थकले, गुडघे कुरकुरू लागले, चढावर दम लागतो, गिऱ्हाइकेही म्हाताऱ्यापेक्षा जरा तरुण रिक्षावाला शोधतात. गावाची ओढ तर रोजची. मग तो गाठोडे बांधून निघत का नाही?

पहिले उत्तर अर्थातच पैशाचे. कोणाचे कर्ज फिटलेले नसते, कोणाची धाकटी मुलगी लग्नाची असते. म्हातारपणाची सोय कधी झालेली नसते. असंघटित कामगारांसाठी २०१९मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण तिच्यात नाव घालण्याचे वय १८ ते ४०. जो त्या वर्षी पन्नाशीचा होता, त्याच्यासाठी ते दार आधीच बंद झाले होते. १९७९मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी केलेला कायदाही ठेकेदाराने नेलेल्या मजुरांचा विचार करणारा होता. जो स्वतःच्या पायांनी आला आणि पायांवरच जगला, तो त्यात बसत नव्हता.

दुसरे उत्तर तो सहसा बोलून दाखवत नाही. वर्षातून एकदा तो गावी जातो तेव्हा सगळ्यांसाठी काहीतरी नेतो. बायकोला साडी, सुनेला बांगड्या, नातवंडांना बिस्किटे. पहिले चार दिवस घर भरल्यासारखे असते. पाचव्या दिवशी जो तो आपल्या कामाला लागतो. कोठे काय ठेवले आहे हे त्याला माहीत नसते. शेतात काय पेरायचे हे ठरून गेलेले असते. शेजारपाजारची नवी पिढी त्याला नावाने ओळखत नाही. त्याच्या पैशांनी बांधलेल्या पक्क्या घरात त्याची अशी खाट नसते. पाहुण्यासाठी घालतात ती घालून दिली जाते. तो ज्या घरासाठी झुरत असतो ते मातीचे, पुढे आंब्याचे झाड असलेले, आईवडिलांचे घर केव्हाच पडलेले असते. ते पाडून नवे बांधायला त्यानेच पैसे पाठवलेले असतात.

आणि कमावणे थांबले तर? आतापर्यंत घरातले त्याचे स्थान महिन्याच्या पैशाने ठरलेले होते. ते येणे बंद झाल्यावर आपण या घरात कोण, ही धास्ती त्याला डेऱ्यातच थांबवते. मुलगाही बहुधा घरी नसतो. तो दिल्ली, पंजाब, सुरत नाहीतर मुंबईला गेलेला असतो. बापाच्या वाटेनेच, फक्त गाडी निराळी.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळे उघडे पडले. रस्ते ओस, गाड्या बंद, कमाई शून्य. आयुष्यात पहिल्यांदाच गावाला पैसे पाठवता येईनात. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. देशभरातून माणसे गावी परतली आणि काही महिन्यांनी त्यांतले पुष्कळ जण पुन्हा शहराकडे निघाले. गावाची ओढ खरी होती, पण गावात पोटाला काही नव्हते, हेही तितकेच खरे.

मटियाबुर्जचा धडा

परत जाणाऱ्यांची एक करुण कहाणी याच कोलकात्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. १८३४पासून मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम आणि १८७९पासून फिजी बेटांकडे मजुरांची जहाजे येथूनच सुटली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची लाखो माणसे पाच वर्षांच्या करारावर गेली. 'अॅग्रिमेंट'चे त्यांनी केले 'गिरमिट' आणि ते झाले गिरमिटिया. बहुतेक तिकडेच राहिले. काही जण मात्र गावाच्या ओढीने, साठवलेला पैसा घेऊन, परतले.

गावात काय झाले? समुद्र ओलांडला म्हणून जातीने प्रायश्चित्त मागितले, जातजेवणे घालायला लावली. भाऊबंदांनी पैसा संपेपर्यंत मान दिला. तिकडे जन्मलेल्या मुलांना येथले काही रुचेना. गावाने जागा दिली नाही, तेव्हा ही माणसे पुन्हा कोलकात्याला आली आणि मटियाबुर्जच्या वस्तीत, गोदीच्या आसपास, परत जाणारे जहाज मिळेल या आशेवर दैन्यात राहू लागली. १९२०-२१च्या सुमारास त्यांचे हाल पाहून सी. एफ. अँड्र्यूज यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी धावपळ केली. ज्या मळ्यांवर चाबूक खाल्ला, तिकडेच परत पाठवा, असे या माणसांना म्हणावे लागले.

टोंगा, सामोआ या पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात राबून आज आपली बेटे पोसत आहेत. तेथेही म्हातारपणी हाच पेच उभा राहतो. मुले-नातवंडे एकीकडे, वाडवडिलांची माती दुसरीकडे. देश बदलला तरी ही गोष्ट बदलत नाही.

सरकारने काय करावे, घराने काय करावे

हातरिक्षेचा प्रश्न महाराष्ट्रातही होता. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या रिक्षा चालत. ऑगस्ट २०२५मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार करणारा हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण माथेरानचा रिक्षावाला संध्याकाळी आपल्या माणसांत परततो. कोलकात्यातल्या पासष्टीच्या म्हाताऱ्याला ई-रिक्षा देऊन त्याचा प्रश्न सुटणार नाही. त्याला आता कोणतीच रिक्षा नको आहे. त्याला घरी जायचे आहे, आणि रिकाम्या हाताने जायचे नाही.

त्या दृष्टीने काही सोयी झाल्या आहेत. बिहार सरकारने सामाजिक सुरक्षा पेन्शन जुलै २०२५पासून दरमहा ४०० रुपयांवरून १,१०० रुपये केले. एकट्याच्या पोटाला ही रक्कम पुरत नाही. तरीही महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर काही जमा होते आहे, या गोष्टीने म्हाताऱ्या माणसाला घरात ताठ बसता येते. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे कार्डावरचे आपल्या वाट्याचे धान्य त्याला कोलकात्यात उचलता येते आणि कुटुंबाला आपल्या वाट्याचे गावी. मात्र या सगळ्यासाठी आधार, बँकखाते आणि गावच्या कागदांत नाव लागते. चाळीस वर्षे गावाबाहेर राहिलेल्या माणसाचे हे कागद जुळवायचे कोणी? हे काम त्याचे नाही. ते गावातल्या शिकलेल्या मुलाचे, नातवाचे आहे. रिक्षाबंदीचा विचार करणाऱ्या सरकारनेही रिक्षा मोडीत काढण्याआधी तिच्या ओढणाऱ्याचे पेन्शन सुरू झाले आहे का, हे पाहायला हवे.

उरलेले काम घराचे आहे आणि येथे बिहारी घर आणि मराठी घर असा भेद करण्याचे कारण नाही. मुंबईत आयुष्य काढून कोकणात परतलेले सासरे, आखातात वीस वर्षे राबून आलेला भाऊ, सीमेवरून निवृत्त होऊन आलेला सातारचा जवान, या सर्वांना घरी आल्यावर पहिले सहा महिने हाच अनुभव येतो. घर त्यांचे असते, पण घराची घडी त्यांच्याशिवाय बसलेली असते. त्यांच्या तोंडून एखादी आज्ञा निघते आणि सुनेच्या कपाळाला आठी पडते. त्यांनी गप्प बसावे तर 'आले आणि कोपऱ्यात बसले' असे होते.

यावर उपाय सोपे आहेत, फक्त ते वेळेवर करायला हवेत. बाहेर राबणाऱ्याने पाठवलेल्या पैशातला थोडा भाग आरंभापासून त्याच्याच नावावर टपाल कचेरीत किंवा बँकेत ठेवावा. घरातले मोठे निर्णय, मग ते लग्नाचे असोत की बैल विकण्याचे, फोनवर का होईना त्याला विचारून घ्यावेत, म्हणजे परतल्यावर त्याच्या शब्दाला जागा असते. तो आल्यावर त्याच्याकडे एखादे काम सोपवावे. नातवाला शाळेत सोडणे असो की गुरांना पाणी दाखवणे असो, ज्याच्यावाचून घराचे अडेल असे काहीतरी. त्यानेही एवढे समजून घ्यावे की त्याच्या मागे ज्या बाईने चाळीस वर्षे घर सांभाळले, तिच्या हातच्या किल्ल्या मागण्याचा हक्क त्याला नाही. दोघांनी पहिल्यांदाच एकत्र राहायचे आहे, म्हणून दोघांनीही थोडे सरकून बसावे लागेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, हातपाय धड आहेत तोवर त्याला बोलवावे. अंथरुणाला खिळल्यावर आणलेला माणूस घराला ओझे वाटतो आणि त्यालाही ते कळते.

छठच्या आधी हावडा आणि सियालदह स्टेशनांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत पांढऱ्या केसांची माणसे खांद्यावर गाठोडे घेऊन उभी असतात. गाठोड्यात साडी, बांगड्या, बिस्किटांचे पुडे. सणाच्या तिसऱ्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य देऊन ती आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच स्टेशनांवर उतरतात. निघायच्या दिवशी घरातले सगळे दारापर्यंत पोचवायला येतात. त्या वेळी एखाद्या मुलाने गाठोडे हातातून काढून घेऊन 'बाबूजी, आता जाऊ नका' एवढे म्हणावे, याची वाट त्यांतली कितीतरी माणसे दर वर्षी पाहत असतील.